टेबलाचा चौथा पाय

आमच्या जेवणाच्या टेबलाला चार पाय होते आणि त्यांतले एका वेळी तीनच कामावर असत. मी पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क आहे. आमच्याकडे हे प्रमाण चांगलं मानतात, त्यामुळे पहिले दोन दिवस मी तिकडे लक्षच दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी जेवताना डाळीचा सारू सांडला. अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात आम्ही हुबळीत उणकलच्या तळ्याजवळ नव्या लेआउटमधल्या स्वतःच्या घरात राहायला आलो होतो. घर नवं, टेबल नवं, माझा पायजमाही त्या दिवशी नवाच होता. लीलाने माझ्या ताटात भाकरी वाढताना टेबलावर जरा हात टेकला. टेबलाने ‘टक्’ असा आवाज करून तिच्या बाजूला मान झुकवली, तिने हात काढताच पुन्हा ‘टक्’ करून माझ्याकडे झुकवली, आणि वाटीतला सारू माझ्या मांडीवर आला.

“तुमचा कोपर लागला,” लीला म्हणाली.

“माझा कोपर माझ्याजवळ होता.”

“मग टेबल आपोआप हलतं की काय?”

तिने हा प्रश्न रागाने विचारला होता, पण मला तो खराच प्रश्न वाटला. मी जेवण तसंच टाकून खाली वाकलो. चौथा पाय, म्हणजे स्वयंपाकघराकडचा डावा, जमिनीपासून थोडा वर तरंगत होता. किती वर? पोस्टकार्ड सहज जात होतं. दहा जात होती. पस्तीस घातली तर ताणून बसत होती. बावन्न वर्षांच्या आयुष्यात मी असंख्य हलत्या टेबलांवर कामं केली, पण टेबल का हलतं हे वाकून पाहायचं मला कधी सुचलं नव्हतं. आता पाहिलं, आणि तिथेच माझी शांतता संपली.

पहिला उपाय सगळे करतात तोच केला. एका लग्नपत्रिकेची घडी घालून पायाखाली सरकवली. संध्याकाळी लीलाला तिच्यावरचा गणपती दिसला. “देवाच्या डोक्यावर टेबल?” एवढंच म्हणून तिने पत्रिका काढली, कपाळाला लावली आणि देवघरात नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी मी जुन्या चपलेच्या तळव्याचा रबरी तुकडा कापून घातला. त्यावर लीलाने, आपण जेवतो तिथे चप्पल ठेवायची पद्धत नरगुंदकरांच्या घरात कधीपासून सुरू झाली, अशी चौकशी केली. नरगुंदकर म्हणजे आम्हीच. मी तुकडा काढला.

तोपर्यंत बातमी शेजारी पोहोचली होती. नव्या लेआउटमध्ये करमणुकीची साधनं कमी असतात. रस्ते झालेले नसतात, झाडं गुडघ्याएवढी असतात, म्हणून लोक एकमेकांच्या घरी जाऊन काय बिघडलंय ते बघतात. पलीकडच्या बँकवाल्यांनी सांगितलं की हलत्या पायाच्या कोपऱ्यावर वजन ठेवावं, टेबल गप्प बसतं. त्यांच्या सांगण्यावरून आम्ही रगड्याचा गुंडा टेबलाच्या त्या कोपऱ्यावर ठेवला. टेबल खरोखर गप्प बसलं. मात्र दोन वेळा मी तो काळा, गोल, गंभीर दगड समोर ठेवून जेवलो आणि दोन्ही वेळा कोणी तरी मोठा साहेब पंक्तीला बसल्यासारखं वाटून मला पोटभर मागवेना. तिसऱ्या वेळी लीलाला चटणी वाटायची होती.

मग आले पद्मनाभराव. ते आमच्या समोर राहतात. धारवाडच्या एका कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झाले आहेत आणि अजून थांबलेले नाहीत. त्यांनी टेबलाभोवती एक प्रदक्षिणा घातली, एका बोटाने कोपरा दाबून ‘टक्’ ऐकला आणि त्यांचा चेहरा उजळला.

“खाली काही घालू नका. टेबल फक्त फिरवा.”

“फिरवा म्हणजे?”

“जागच्या जागी, गोल. हे बघा, तीन पाय टेकलेत आणि चौथा हवेत आहे. बरोबर? तुम्ही टेबल फिरवत गेलात की फिरता फिरता कधी तरी त्याची पाळी येते जमिनीत घुसायची. हवेतून जमिनीत जायचं तर मधे जमिनीला टेकावंच लागेल की नाही? पळून जाईल कुठे? जमीन कितीही वेडीवाकडी असू द्या. अर्ध्या फेरीच्या आत टेबल चारी पायांवर उभं राहतंच. सिद्ध झालेलं आहे.”

मला ते ऐकून विलक्षण आनंद झाला. जगात आपल्या टेबलाची काळजी कोणी तरी आधीच करून ठेवली आहे, ही कल्पना मोठी धीर देणारी असते. शिवाय जागच्या जागी फिरवायचं असल्याने टेबल दिव्याखालीच राहणार होतं. ते महत्त्वाचं होतं. तो दिवा लीलाच्या भावाने, प्रभंजनने, घर बांधताना हौसेने छताला आकडा बसवून टेबलाच्या बरोबर मध्यावर सोडला होता, आणि टेबल इकडे-तिकडे सरकवण्याची सूचना लीलाने पहिल्याच दिवशी फेटाळली होती.

आम्ही दोघांनी टेबल फिरवायला घेतलं. दर चार बोटांनी पद्मनाभराव “थांबा” म्हणत आणि कोपरा दाबत. टक्. पुन्हा चार बोटं. टक्. माझी कंबर दुखायला लागली होती, इतक्यात एका ठिकाणी त्यांनी कोपरा दाबला आणि आवाज आला नाही. दुसरा कोपरा दाबला, तिसरा दाबला. टेबल दगडासारखं उभं होतं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाहून हसलो. पद्मनाभरावांनी तर माझा हात हातात घेतला.

अडचण एवढीच होती की टेबल तिरपं होतं. त्याचा एक कोपरा स्वयंपाकघराच्या दारात शिरला होता आणि दुसरा फ्रिजला नाक लावून उभा होता. फ्रिजचं दार हात आत जाईल इतकं उघडायचं, पण हातात भांडं असलं तर बाहेर येईल इतकं नाही. लीला स्वयंपाकघरातून आडवी होऊन बाहेर यायची. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी गॅसचं सिलेंडर घेऊन आलेल्या माणसाने दारातच थबकून विचारलं, “टेबल कुठं निघालंय, साहेब?”

त्या संध्याकाळी लीलाने निर्णय दिला. “मला टेबल सरळ हवं आणि न हलणारंही हवं. दोन्ही एकदम.”

मी पद्मनाभरावांकडे गेलो. ते थोडे नाराज झाले, पण म्हणाले, “मग एक शंका राहते. आमच्या सिद्धांतात चारी पाय सारखे धरलेले असतात. तुमचे आहेत का?”

सत्याप्पाला निरोप गेला. टेबल त्यानेच केलं होतं. जुन्या हुबळीत एका बोळात त्याचं दुकान आहे, आणि त्याच्या कामाला कोणी नावं ठेवल्याचं त्याच्या साठ वर्षांच्या आयुष्यात घडलेलं नव्हतं. तो आला तो तोंड मिटूनच. आम्हाला हात लावू न देता त्याने टेबल एकट्याने पालथं घातलं, कानावरची पेन्सिल काढली, चारी पाय दोनदोनदा मोजले, एका पायाच्या मापाची काठी दुसऱ्याला लावून पाहिली. मग टेबल सरळ करून त्यावरची नसलेली धूळ उपरण्याने झटकली.

“एक सूतसुद्धा फरक नाही. टेबल नेट्टग ऐतरी,” तो म्हणाला. टेबल सरळ आहे. मग त्याने टाच दोनदा जमिनीवर आपटली आणि दारात उभ्या असलेल्या लीलाच्या देखत म्हणाला, “नेल सोट्ट ऐतरी.”

जमीन वाकडी आहे. हुबळीत कानडी न समजण्याची सोय कोणालाच नाही. लीला आत निघून गेली.

आता इथे सांगायला हवं की आमचं घर प्रभंजनने बांधलं होतं. तो धारवाडला असतो, सिव्हिलचा डिप्लोमा झालेला, लोकांची घरं बांधून देतो. बहिणीचं घर म्हणून त्याने आमच्या कामावर दिवसदिवस उन्हात उभं राहून वीट न् वीट स्वतः बघून घेतली होती. फरशी तर त्याची विशेष लाडकी होती. पॉलिश केलेल्या शहाबादीचे तुकडे त्याने जोडीने निवडून आणले होते. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला लीलाने आधी फरशी दाखवली होती आणि मग देव.

“अहो, ऐका,” मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो. “सत्याप्पा काय, सुतार माणूस. त्याला फरशीतलं काय कळतं?”

“तुम्हाला काय वाटतं ते सांगा.”

मी गप्प बसलो. नवऱ्याने कुठे गप्प बसू नये हे मला सत्तावीस वर्षांत पुरतं कळलेलं नाही. त्या दिवसापासून लीला माझ्याशी कामापुरतं बोलू लागली.

खरं सांगतो, मला प्रभंजनची चूक काढायची नव्हती. मला फक्त जाणून घ्यायचं होतं. टेबल सरळ, फरशी सुंदर, मग पाय हवेत का? ऑफिसात फायली पुढे सरकवताना मला तो पाय दिसायचा. शेवटी गुरुवारी लीला भजनाला गेल्यावर मी सोड्याच्या बाटलीतली एक काचेची गोटी पैदा केली आणि ती देवघराच्या उंबऱ्याशी जमिनीवर ठेवून सोडून दिली.

गोटी क्षणभर थांबली. मग निघाली. सावकाश, कोणाची परवानगी न घेता, हॉल ओलांडून मागच्या दाराकडे चालायला लागली. माझ्या अंगावर काटा आला! आपण ज्या जमिनीवर रोज चालतो ती आपल्याला न सांगता कुठे तरी चालली आहे, हे पहिल्यांदा कळण्यात काही निराळीच मजा असते. मी वही आणली. हॉलचा नकाशा काढला. गोटी दहा ठिकाणांहून सोडली आणि दर वेळी बाण काढला. नऊ बाण मागच्या दाराकडे गेले. दहावा टेबलाजवळ वळला आणि गोटी तिथेच फिरत बसली. हे काय? नीट दिसावं म्हणून मी पालथा झोपलो, गाल फरशीला टेकवला आणि एक डोळा मिटला.

लीला भजनाहून जरा लवकर आली. तिने दार उघडलं तेव्हा मी टेबलाखाली पालथा, एक डोळा मिटलेला, तोंड किंचित उघडं, असा पडलो होतो. पुढची पाच मिनिटं फार गोंधळाची गेली. पद्मनाभराव धावत आले, बँकवाले रिक्षा बोलवायला पळाले, कोणी तरी माझ्या तोंडावर पाणी मारलं. मी “मला काही झालेलं नाही, मी ढाळ बघत होतो” असं म्हणत होतो. पण हार्टवाली माणसं काही तरी असंबद्ध बोलतातच, असं बँकवाल्यांच्या पत्नीने सर्वांना समजावून सांगितलं.

सगळे गेल्यावर लीला बराच वेळ खुर्चीवर बसून राहिली. मग तिने वही उचलली, बाण पाहिले आणि म्हणाली, “एवढी खात्री करायची आहे ना तुम्हाला? मग गोट्या काय खेळता! तुमच्या खात्यात कालवे मोजायची यंत्रं आहेत. आणा एक. माझ्या भावाची फरशी चांगली निघाली, तर सगळ्यांसमोर त्याची माफी मागायची.”

“आणि नाही निघाली तर?”

“तर मी त्याला विचारीन. तुम्ही नाही.”

खात्यातलं यंत्र घरी आणणं हे कालवा आणण्याइतकंच अवघड असतं. मी मागणीपत्र लिहिलं आणि स्टोअरकडे दिलं. ते दुसऱ्या दिवशी परत आलं. ‘उद्देश’ या रकान्यात मी ‘पाहणी’ असं लिहिलं होतं. त्यावर लाल शाईत शेरा होता: ‘कशाची?’ शेरा आमच्या हेमावतीबाईंचा होता. त्या स्टोअरला येऊन दोनच वर्षं झाली होती आणि कोणताही रकाना मोघम सोडायचा नाही, हे त्यांना मीच शिकवलं होतं. मी ‘जमिनीची’ असं लिहून पुन्हा पाठवलं. पत्र परत आलं: ‘कोणाच्या?’

मी स्वतः गेलो. “हेमावतीबाई, माझं घरचं टेबल हलतंय.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “किती हलतंय, सर?”

मी हाताने दाखवलं. त्यांनी उत्सुकतेने सगळी हकीकत विचारून घेतली, आणि मग सांगितलं की यंत्र एकटं देता येणार नाही, पण नव्याने आलेल्या सर्व्हेअरला सरावासाठी मिळू शकतं. त्याने कुठे सराव करावा हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही.

असा दुसऱ्या शनिवारी सुट्टीच्या दिवशी सकाळी धम्मानंद आमच्याकडे आला. तरुण, अबोल, कामाला अतिशय चोख. खांद्यावर डंपी लेव्हलचं पितळी, दुर्बिणीसारखं जुनं यंत्र, हातात ते उभं करायचं तीन पायांचं स्टँड आणि तांबड्या-काळ्या आकड्यांची उंच पट्टी. मला वाटलं होतं की तो सरळ हॉलमध्ये शिरेल. त्याने मान हलवली.

“आधी बेंचमार्क पाहिजे, सर. उंची कुठून धरायची? तळ्याच्या सांडव्यावर आपल्या खात्याची खूण आहे. तिथून लेव्हल घेत घेत इथपर्यंत येऊ.”

“अरे, पण फक्त टेबल...”

“अर्धवट काम मला येत नाही, सर.”

माणसाच्या चांगुलपणासमोर इलाज नसतो. पट्टी धरायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून मी धरली. हेडक्लार्क नरगुंदकर, पांढरा शर्ट, डोक्यावर टोपी, तळ्यापासून घरापर्यंत भर रस्त्यात डोक्याहून दुप्पट उंच पट्टी धरून दर तीस पावलांवर उभा, आणि लांबून धम्मानंद ओरडतोय: “सर, सरळ धरा! सर, डुलू नका!” मधल्या वेळात मला एक गोष्ट सुचली. त्या यंत्राला पाय तीनच होते, आणि उखडलेल्या रस्त्यावर, खडीवर, गटाराच्या काठावर ते कुठेही जराही हललं नाही. मग टेबलाला चार पाय द्यायची कल्पना कोणाची? पद्मनाभरावांना विचारायचं मी ठरवलं, पण तेवढ्यात ते स्वतःच समोर आले आणि त्यांच्या मागे सारा लेआउट होता.

लोकांनी पाटबंधारे खात्याचं यंत्र पाहिलं होतं. ते तळ्याकडून येताना पाहिलं होतं. धम्मानंदने आमच्या कंपाउंडच्या भिंतीवर तांबड्या रंगाने एक बाण काढून त्याखाली आकडा लिहिला, तोही पाहिला होता. आता एवढ्यावरून काय होतंय हे कोणालाही कळलं असतं, आणि ते सर्वांना कळलं होतं: तळ्याचा बांध वाढवणार, आणि बाणापर्यंत पाणी येणार.

“नरगुंदकरसाहेब, आमचं घर बाणाच्या वर की खाली?”

“साहेब, नोटीस कधी येणार?”

“आम्ही तर आत्ताच खाली मोटर बसवली हो!”

मी ओरडून सांगितलं की तळं आहे तिथेच आहे, माझं टेबल हलतंय म्हणून हे चाललंय. यावर सगळे शांत झाले आणि माझ्याकडे दयेने पाहू लागले. सरकारी माणूस खरं थोडंच सांगणार! बँकवाले घरात गेले आणि फोनला चिकटले.

आम्ही हॉलमध्ये आलो. धम्मानंदने टेबल उचलून बाजूला घेतलं, मध्यावर यंत्र लावलं. मी पट्टी घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात उभा राहिलो. लीला स्वयंपाकघराच्या दारात हात पदराखाली घेऊन उभी होती. खिडक्यांत माणसं होती. धम्मानंद डोळा लावायचा, आकडा लिहायचा, पुढच्या जागेकडे बोट दाखवायचा. खिडकीतले लोक मधूनच आपापल्या पायांकडे बघत होते. आपल्या घराची जमीन कशी आहे याबद्दल प्रत्येकाला अचानक शंका आलेली असावी.

आणि बाहेर स्कूटर थांबली. प्रभंजन आत आला तो घामाघूम, केस उभे, शर्टाची बटणं वर-खाली. कोणी तरी त्याला धारवाडला फोन करून सांगितलं होतं की तुझ्या बहिणीचं घर पाण्यात जातंय.

“अक्का! काय झालं? कोण बुडवतंय घर?” तो म्हणाला. मग त्याला यंत्र दिसलं. पट्टी दिसली. पट्टी त्याच्या फरशीवर उभी होती आणि ती मी धरली होती.

“भावजी, काय मोजताय?”

लीलाने माझ्याकडे पाहिलं. खिडकीतल्या लोकांनीही पाहिलं. मला त्या क्षणी खरोखरच तळ्याचा बांध वाढला तर बरं असं वाटलं.

“फरशी,” मी म्हणालो.

प्रभंजनच्या पायातल्या चपला काढायच्या राहिल्या होत्या, त्या त्याने परत दारापर्यंत जाऊन काढल्या, आणि येऊन फरशीवरच मांडी घालून बसला. त्याचा चेहरा मला बघवेना. जो माणूस बहिणीचं घर वाचवायला वीस किलोमीटर धावत आला, त्याला मी काय दाखवत होतो?

“झालं, सर,” धम्मानंद म्हणाला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं. त्याने वहीतून सरळ वाचलं. “पुढच्या भिंतीपासून मागच्या दारापर्यंत बावीस मिलिमीटरचा ढाळ. एकसारखा. कुठेही चढ नाही. एवढा सुंदर ढाळ मी घरात पाहिलेला नाही. कोणी केलाय?”

प्रभंजनने मान वर केली. “मी केलाय. अक्कानेच सांगितलं होतं. भाड्याच्या घरात फरशी धुतली की पाणी कोपऱ्यात साचतं, मला नव्या घरात बादली ओतली की पाणी आपलं आपण मागच्या दाराने जायला पाहिजे.”

“अय्या, हो की!” लीला म्हणाली. “मीच सांगितलं होतं.”

“पण नुसत्या ढाळाने टेबल हलत नाही,” खिडकीतून पद्मनाभरावांचा आवाज आला. “उतरत्या फळीवरही टेबल नीट बसतं. हलायला खळगा लागतो.”

“आहे,” धम्मानंद म्हणाला. “एकच. त्या पायाखाली. नऊ मिलिमीटर.”

प्रभंजन उठला, न्हाणीघरात गेला आणि भरलेली बादली घेऊन आला. मी काही म्हणायच्या आत त्याने ती पुढच्या भिंतीशी ओतली. पाणी पसरलं, थोडं विचारात पडलं आणि मग सगळं मिळून निघालं. खिडकीतली माणसं दारात आली, दारातली आत आली, साड्या आणि धोतरं वर धरून सगळे पाण्याच्या बाजूबाजूने चालू लागले. पाणी हॉल ओलांडून मागच्या दाराने शहाण्यासारखं बाहेर पडलं. फरशी कोरडी होत गेली. मागे एकच जागा उरली. टेबलाच्या चौथ्या पायाच्या जागी, एका फरशीच्या कडेला, बशीएवढं पाणी चकचकत थांबलं होतं.

प्रभंजन त्याच्याशी उकिडवा बसला आणि बोट बुडवून पाहिलं. बराच वेळ तो काही आठवत होता. मग त्याचे कान लाल झाले.

“अक्का, ही फरशी मी नसताना बसली. सगळ्या कामात मी एकच दुपार नव्हतो.”

“कधी?”

“भाऊबीजेला. फरशीवाल्यांना कसली आलीय भाऊबीज, त्यांचं काम चालू होतं. मी म्हटलं होतं पाच मिनिटांत ओवाळ, जातो. तू पुरणाच्या होळगीवर होळगी वाढत बसलीस. मग म्हणालीस, जरा पड. मी पडलो. उठलो तर चार वाजले होते.” तो उठून उभा राहिला. “उद्या माणसं आणतो. उखडून पुन्हा बसवतो. माझी चूक आहे, भावजी.”

“कोणी हात लावेल तर बघा!” लीला म्हणाली. तिचा आवाज असा निघाला की दोन शेजारणी मागे सरकल्या. तिने पदराने डोळे पुसले, मग त्याच पदराने वाकून ते बशीभर पाणी टिपून घेतलं. “सत्याप्पाला म्हणावं, पायाला नऊ मिलिमीटरचा लाकडी तुकडा लाव. फरशी आहे तशी राहील.”

मी पट्टी भिंतीला टेकवली आणि सर्वांसमोर प्रभंजनची माफी मागितली. ती मी चांगली मागितली असं मला वाटतं, पण ऐकायला फारसं कोणी नव्हतं, कारण पद्मनाभराव यंत्राला डोळा लावून उभे होते आणि मोठ्याने म्हणत होते, “अरेच्चा! हे काय?”

“काय दिसतंय?” बँकवाल्यांनी विचारलं.

“सगळं उलटं!”

धम्मानंदने शांतपणे सांगितलं की जुन्या यंत्रातून उलटंच दिसतं, डोकं खाली, पाय वर. सर्व्हेअरला सवय होते.

लीला पुढे आली. “मला बघू दे.” तिने पदर खोचला, एक डोळा मिटला आणि यंत्र तिच्या भावाकडे वळवून घेतलं. प्रभंजन मागच्या दारात, पडलेल्या चेहऱ्याने, रिकामी बादली हातात घेऊन उभा होता. मग तिचे खांदे हलायला लागले.

“पभ्या, तू छताला लोंबकळतोयस रे! आणि बादलीतलं पाणी सांडत नाही!”

“बादली रिकामी आहे, अक्का.”

“असू दे, हलू नकोस!” ती हसत सुटली. गेल्या कित्येक दिवसांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हसता हसता तिला यंत्राचा आधार घ्यावा लागला, आणि धम्मानंद पहिल्यांदाच घाबरलेला दिसला. तिचं हसणं ऐकून प्रभंजनही हसला. मग त्याला बघायचं होतं, मग बँकवाल्यांच्या पत्नीला, मग खिडकीतल्या सगळ्यांना. यंत्र अंगणात नेऊन रांग लावावी लागली. बांधाचं, बाणाचं, नोटिशीचं कोणी नावही काढलं नाही. प्रत्येकाला एकच हवं होतं, ओळखीचं माणूस उलटं बघायला.

पट्टी धरायची सवय मला झालीच होती, म्हणून फाटकाशी मीच उभा राहिलो. दुपारचं जेवण होईपर्यंत लेआउटमधल्या एकूण एक माणसाने हेडक्लार्क नरगुंदकरांना डोक्यावर उभं पाहिलं. टोपी खाली पडत नाही याचं सर्वांना फार कौतुक वाटलं. सगळ्यांचं झाल्यावर लीला पुन्हा आली आणि बराच वेळ माझ्याकडे यंत्रातून बघत राहिली.

“काय एवढं बघतेस?” मी विचारलं.

“उलटे बरे दिसता हो,” ती म्हणाली. “उभे राहा जरा. भाकऱ्या झाल्या की हाक मारते.”